निळ्या फरशांमागची वीट : इस्फहानची जामे मशीद

(दृश्य: बाजाराची छपराखालची गल्ली, मग एकदम मोकळं आवार)

इराणमधलं इस्फहान म्हटलं की निळ्या फरशा आठवतात. इथंही आहेत, आवाराच्या चारही बाजूंच्या इवानांवर, म्हणजे समोरून उघड्या, उंच कमानदार दालनांवर. पण त्या मागाहून आल्या. आपण विटांकडे जाऊ.

हा दक्षिणेचा घुमट. सेल्जुक या तुर्की घराण्याचा सुलतान मलिकशाह, त्याचा वजीर निजाम-उल-मुल्क यानं १०८६-८७ च्या सुमारास बांधून घेतलेला. भव्य आहे, पण खालचे खांब पाहा, किती जाडजूड! भार पेलण्याची धास्ती दिसते.

(दृश्य: उत्तरेचा घुमट, खालून वर, सावकाश)

दोनच वर्षांत त्याचा प्रतिस्पर्धी ताज-उल-मुल्क यानं आवाराच्या उत्तरेला हा दुसरा घुमट उभारला. व्यास जेमतेम दहा मीटर, उंची वीसच्या आसपास.

खाली चौरस खोली. चार कोपऱ्यांवर कमानी टाकून चौरसाचा अष्टकोन केलाय. कोपऱ्यातली प्रत्येक मोठी कमान पुन्हा लहान कमानींत फोडलीय. त्यावर सोळा कमानींचा पट्टा, आणि त्यावर गोल घुमट अलगद टेकतो. भिंतीतली कुठलीही उभी रेघ नजरेनं धरा, ती वर कुठल्या तरी कमानीतच जाऊन मिळते. चार, आठ, सोळा असं दुपटीनं चाललेलं गणित माथ्याशी मात्र एकदम पाचावर येतं: पंचकोनी तारा. रंग नाही, फरशी नाही. वीट, सांधा आणि सांध्यात पडलेली सावली.

काहीजण याचं श्रेय कवी आणि गणिती उमर खय्यामला देतात. तो तेव्हा इस्फहानातच मलिकशाहच्या वेधशाळेत होता, हे खरं. कागदोपत्री पुरावा मात्र नाही. विटा रचणाऱ्या गवंड्यांची नावं तर कुणी विचारतही नाही.

१०९२ मध्ये निजाम-उल-मुल्कचा खून झाला. काही महिन्यांत ताज-उल-मुल्कही मारला गेला.

(दृश्य: मेहराब, अगदी जवळून)

मेहराब म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतला कोनाडा. १३१० चा हा मेहराब इल्खानी या मंगोल घराण्यातल्या सुलतान उल्जायतूच्या काळातला. गिलाव्यात कोरलेली अक्षरं, त्यांच्यामागे वेली, वेलींमागे आणखी वेली.

१९८५ मध्ये, इराण-इराक युद्धात, मशिदीच्या एका भागावर क्षेपणास्त्र पडलं. तो भाग पुन्हा बांधला. २०१२ पासून ही मशीद जागतिक वारसा यादीत आहे.

(दृश्य: हिवाळी दालन)

पंधराव्या शतकातलं हे हिवाळ्यात नमाज पढायचं दालन. बुटके खांब, रुंद कमानी. उजेड येतो तो छतात बसवलेल्या अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाच्या लाद्यांतून. इथं दिवे बंद ठेवूनच चित्रण केलंय.