गुडघ्यातली दुर्बीण : कोणाला हवी, कोणाला नको

[दृश्य : रावेर तालुका. केळीची कापणी. खांद्यावर घड घेऊन मजूर बागेतून ट्रॅक्टरकडे निघालेत.]

पन्नाशी उलटली, उकिडवं बसलं की गुडघा कळ मारतो. जळगावला एमआरआय होतो. रिपोर्टात लिहून येतं, मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी फाटली आहे. मग घरात एकच विषय : दुर्बिणीतून ऑपरेशन कधी करायचं?

आधी हे ऐका. अमेरिकेत फ्रेमिंगहॅमला पन्नास ते नव्वद वयाच्या ९९१ जणांचे गुडघे एमआरआयने तपासले. २००८ साली निष्कर्ष आले. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांचा गुडघा मागच्या महिनाभरात दुखलाच नव्हता. तेव्हा दुखण्याचं कारण ही फाटच, असं रिपोर्टावरून ठरत नाही.

२०१३ चा फिनलंडचा प्रयोग तर फार मोलाचा. झिजेमुळे गादी फाटलेले १४६ रुग्ण, सगळ्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली. काहींची फाटलेली कड कापली, बाकीच्यांची कापल्याचा फक्त देखावा केला. आपलं काय झालं, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. वर्षभराने दोन्ही गटांना आराम सारखाच!

मग करायचं काय? नॉर्वेत १४० जणांवर ऑपरेशन आणि व्यायाम यांची तुलना झाली. आठवड्याला दोन-तीन वेळा, असा बारा आठवडे मांडीच्या ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा व्यायाम. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नाही, ऑपरेशनचा धोका मात्र टळलेला. गुडघा अडकून सरळच होत नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथे लवकर सर्जनला दाखवावं.

[दृश्य : धुळ्यातलं कबड्डीचं मैदान. चढाई चालू.]

हा गुडघा विशीतला. पाऊल मातीत रोवलेलं, पकड घोट्याला, अंग वळलं मध्यरेषेकडे. आतून ‘कट्’ आवाज येतो, काही तासांत गुडघा सुजतो. एसीएल, म्हणजे गुडघा आतून घट्ट धरून ठेवणारा लिगामेंट (पट्टा), तुटल्याची ही नेहमीची खूण.

इथेही घाई नको. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर अभ्यास झाला. आधी व्यायाम दिलेल्या ५९ जणांपैकी दोन वर्षांत २३ जणांनाच ऑपरेशन लागलं. पण कबड्डी-कुस्ती खेळणाऱ्याचा गुडघा वळताना निसटत असेल, तर दर निसटण्यात गादीही चिरडते. अशाने ऑपरेशन करून घ्यावं. मात्र आधी सूज उतरू द्यावी, गुडघा पूर्ण सरळ व्हावा. नाहीतर पुढे तो आखडतो.

ऑपरेशननंतर घरोघरी होणारी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच राहतो. उशी टाचेखाली घ्या.

तिसऱ्या महिन्यात दुखणं थांबतं, आणि खरा धोका तिथेच आहे. ऑपरेशनमध्ये बसवलेला नवा लिगामेंट आत अजून कच्चा असतो. ऑस्लोच्या २०१६ च्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत मैदान जितकं लांबवलं, तितकी दुखापत कमी. दर महिन्याला धोका जवळपास निम्मा. पोलीस भरतीचे सोळाशे मीटर सरळ रेषेत धावणं निराळं, पकडीतून गिरकी घेणं निराळं. मांडीची ताकद आणि एका पायावरची लांब उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के भरली पाहिजे. फिजिओथेरपिस्टकडून हे मोजून घ्या. आकडा कमी आला, तर नऊ महिने झाले असले तरी चढाईला उतरू नका.