हॉलंड, मिशिगन : फावड्याने खणलेली वाट

जानेवारीतली सकाळ. रात्रभर बर्फ पडलाय. गाड्यांच्या टपांवर, झाडांच्या फांद्यांवर पांढरा थर आहे, पण एट्थ स्ट्रीटचा फूटपाथ नुसता ओला, मोकळा. त्याच्या पोटात नळ्यांचं जाळं आहे. वीजकेंद्रातली जी उष्णता एरवी वाया जायची, तिच्यावर तापलेलं पाणी १९८८ पासून या नळ्यांतून खेळतंय. बर्फ पडतो आणि तिथल्या तिथे विरघळतो.

हे हॉलंड. युरोपातलं नव्हे, अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं. वस्ती ३४ हजारांच्या आसपास.

१८४७ च्या फेब्रुवारीत धर्मगुरू अल्बर्टस व्हॅन राल्टे आपल्या माणसांना घेऊन इथे पोचले. मायदेशी, म्हणजे नेदरलँड्समध्ये, सरकारमान्य चर्चपासून वेगळं झाल्याबद्दल या पंथाने दंड भरले होते, तुरुंग पाहिला होता. त्यातच बटाट्यावर रोग पडला आणि गरिबाच्या ताटातलं अन्न गेलं. इथे आले तर समोर जंगल आणि दलदल. पहिल्याच वर्षी तापाने कितीतरी माणसं दगावली.

जागा मात्र ओसाड नव्हती. ओडावा हे इथले मूळ रहिवासी इथे राहत होते. नव्या शेजाऱ्यांशी त्यांचं जमेना, आणि १८४९ मध्ये ते होड्यांत बसून उत्तरेला निघून गेले. हॉलंडची गोष्ट सांगायची तर हेही सांगायलाच हवं.

आता हा कालवा बघा. व्हॅन राल्टेंनी ही जागा पसंत केली ती या तळ्यामुळे. तेव्हाचं ब्लॅक लेक, आजचं मॅकाटावा. पलीकडे अथांग मिशिगन सरोवर. वाट मिळाली की बोटी थेट गावात येणार. पण तळ्याच्या तोंडाशी वाळू साचलेली. वॉशिंग्टनला अर्ज गेले, १८४९ मध्ये मोजणीही झाली, पण पुरेसा पैसा काही आला नाही. मग गावानेच फावडी उचलली. ज्यांना स्वतःची शेतं अजून जंगलातून मोकळी करायची होती, ती माणसं इथे वाळू उपसत होती. १ जुलै १८५९ ला ‘ह्युरॉन’ नावाची छोटी आगबोट आत आली. आपल्याकडे याला श्रमदान म्हणतात. मला दुसरा शब्द सुचत नाही.

बारा वर्षांनी, ऑक्टोबर १८७१ मध्ये, शिकागो जळत होतं त्याच रात्री हॉलंडही पेटलं. बहुतेक गावाची राख झाली. १८५६ चं पिलर चर्च वाचलं. ते आजही उभं आहे.

ट्युलिप आले ते फार नंतर. १९२७ मध्ये लिडा रॉजर्स या जीवशास्त्राच्या शिक्षिकेने कल्पना मांडली आणि नगरपालिकेने एक लाख कंद मागवले. आता दर मे महिन्यात रस्त्यांच्या कडा रंगाने भरून जातात आणि शाळकरी मुलं लाकडी बूट घालून डांबरी रस्त्यावर नाचतात. जवळून बघा: पाय सोलू नयेत म्हणून एकावर एक किती मोज्यांचे जोड चढवलेत! यातल्या कित्येकांचे आजी-आजोबा मेक्सिको आणि टेक्सासमधून इथल्या शेतांत राबायला आले होते. तरी टाचांचा ठेका सगळ्यांचा एकच.

आणि ही ‘डी झ्वान’, म्हणजे हंस. १९६४ मध्ये भाग सुटे करून नेदरलँड्सहून आणलेली पवनचक्की. ती शोभेची नाही. वारा फिरला की वरचा घुमट वाऱ्याकडे वळवतात, पाती वारा धरतात, दगडाची घरघर सुरू होते. खाली कापडी पिशवीत गव्हाचं पीठ पडतंय. कोमट आहे.