माळा उतरवण्याआधी

नमस्कार सोलापूरकर श्रोतेहो. घट बसायच्या आधी अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात आणि त्याच झपाट्यात माळाही खाली येतो. सकाळी सगळं खोलीभर मांडायचं, दुपारी कंबर धरायची आणि संध्याकाळी कुणी येणार म्हटलं की तेच सामान वर सरकवायचं. बऱ्याच घरांत दरवर्षी हेच होतं. वस्तू नकोशी आहे हे ठरलेलं असतं, पण ती कुणाकडे आणि कधी जाणार हे ठरलेलं नसतं. म्हणून आधी तिची पुढची वाट ठरवा, मग शिडी लावा. भंगारवाला कोणत्या वारी गल्लीत येतो, बोहारीण काय घेते, वाकळ शिवून देणारं जवळपास कोण आहे, एवढी विचारपूस आधीच करून ठेवायची.

दिवस निवडताना पाण्याची पाळी बघा. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. त्या दिवशी घर पाणी भरण्यात गुंतलेलं असतं, तेव्हा माळ्याला हात लावू नका. निवडानिवड कोरड्या दिवशी करा आणि धुण्याचा ढीग पाणी येण्याच्या दिवसासाठी वेगळा ठेवा. एप्रिल-मे तर टाळाच. पत्र्याखालच्या माळ्यावर दुपारी अर्धा तासही बसवत नाही, आणि घाम फुटलेला माणूस नीट निर्णय घेत नाही.

एका वेळी एकच जागा घ्या: एक माळा, किंवा एक ट्रंक, किंवा दिवाणाचा एक कप्पा. दोन तासांपेक्षा जास्त नको. तीन पोती घ्या आणि त्यांवर खडूने लिहा: द्यायचं, विकायचं, फेकायचं. ठेवायच्या वस्तूला पोतं लागत नाही, ती पुसून लगेच जागेवर जाते. पायात बूट, नाकाला रुमाल, आणि बोचक्याखाली उघडा हात घालायचा नाही. आधी काठीने हलवा. कोरड्या अडगळीत विंचू बसलेला असतो.

आता पाण्याची भांडी. 'कमी वस्तूत राहा' असा सल्ला बाहेरून पुष्कळ मिळतो. सोलापूरकराने तो पिंपांना सरसकट लावू नये. हिशेब करा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला ७ लिटर धरले, घरात पाच माणसं आणि पाण्यात पाच दिवसांचं अंतर असेल, तर १७५ लिटर होतात. म्हणजे झाकणाचं २०० लिटरचं एक पिंप. वापरायच्या पाण्याचा हिशेब असाच वेगळा मांडा. तो भागल्यावर उरतात त्या गळक्या घागरी, बिनझाकणाचे डबे, उन्हात तडकलेल्या बादल्या. गच्चीवर त्यांत पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ, साठल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. त्यामुळे भांडं नुसतं पालथं घालून भागत नाही. ठेवायचं ते आठवड्यातून एकदा घासायचं, नको असेल ते भंगारात घालायचं.

कपड्यांचं प्रकरण मोठं आहे. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या गावात घरोघरी त्यांच्या थप्प्या असणारच. माणशी दोन चादरी, पाहुण्यांसाठी चार, एवढ्यावर बहुतेक घरांचं भागतं. ठेवायच्या त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका. आत दमटपणा अडकतो, सुताला बुरशीचे ठिपके पडतात. जुन्या धुतलेल्या धोतरात गुंडाळा आणि वर्षातून एकदा घडी बदला, कारण कायमच्या मोडीवर सूत पिवळं पडून तिथेच फाटतं. जरीच्या साडीला डांबराची गोळी थेट लागू देऊ नका, जर काळी पडते.

जास्तीच्या चादरी कुठे द्यायच्या? नोव्हेंबर-डिसेंबरात जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात. पहाटेच्या थंडीत उघड्या रानात तोड चालते, तिथे जाड सोलापुरी चादर खरोखर उपयोगी पडते. मात्र ती धुतलेली आणि धड असावी. फाटकं देऊन दान केल्याचं समाधान मिळवू नये. फाटक्या चादरीचे तुकडे जनावराच्या अंगावर टाकायला किंवा फरशी पुसायला काढा. टॉवेल कापून पायपुसणं करणार असाल तर कड दुमडून मशिनने दोनदा शिवा. नुसत्या कापलेल्या कडेतून धागे सुटतात आणि महिन्याभरात घरभर सुताचा कचरा होतो.

बोहारीण साधारणपणे धड साड्या आणि पँट-शर्ट घेते. ब्लाऊज, आतले कपडे, फाटकं तिच्यापुढे टाकून घासाघीस करू नका. तो तिचा धंदा आहे. आणि साडीवर खरी जर आहे का ते आधी बघा. पदराच्या टोकाचा एक धागा ओढून जाळा. प्लॅस्टिकची जर वितळून गोळा होते, धातूची तार मागे उरते. अशी तार उरली तर साडी पातेल्याच्या बदल्यात देऊ नका. जुनी जर घेणाऱ्याकडून आधी तपासून घ्या, कारण तारेत चांदी असेल तर तिची किंमत वेगळी आणि नुसतं तांबं असेल तर वेगळी.

मऊ झालेल्या सुती साड्या बोहारणीला घालू नका. चार-पाच साड्यांत एक चांगली वाकळ होते. त्यांत नायलॉनची साडी मात्र घालायची नाही. ती आतल्या आत घसरते, थर गोळा होतात, धावदोरा ओढला जातो आणि वाकळ घामही टिपत नाही.

शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, ज्या घरांत माग होते किंवा आहेत, तिथे माळ्यावर धोटे, कांड्या, जुन्या फण्या सापडतील. चालू मागवाल्याला आधी विचारा, उपयोगाचं तो उचलेल. एखादा धोटा आठवण म्हणून ठेवा, पोतंभर नको.

तांब्या-पितळेचं विकताना आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर ते पितळ नाही, वर नुसता मुलामा आहे. जुन्या स्टोव्हची टाकी पितळी, पण पाय आणि वरचं कडं लोखंडी असतं. न सोडवता दिलात तर सगळं लोखंडाच्या भावात तोललं जातं, नाहीतर तुटीच्या नावाने वजन कापलं जातं. टाकीत रॉकेल राहिलेलं नाही ना, हे बघूनच सोडवा. प्रत्येक धातू वेगळा तोलायला सांगा. कल्हई करून वापरणार असाल ती भांडी ठेवा, पण ती कल्हई या वर्षी झाली पाहिजे.

कागद शेवटी काढा, आणि रद्दीवाला दारात असताना तर मुळीच नाही. खरेदीखत, सात-बारा, घरपट्टीच्या पावत्या ठेवायच्या हे सगळे जाणतात. चूक होते ती आजोबा-पणजोबांच्या कागदांत. शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यूचा उतारा, गिरणीतल्या नोकरीचं कार्ड, असं काही जातीच्या नोंदीसह मिळालं तर जपा. जात पडताळणीत ठरावीक तारखेआधीचे पुरावे मागतात. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. नातवाच्या प्रवेशाच्या वेळी हाच पिवळा कागद शोधत घर पालथं घातलं जातं. तो लॅमिनेट करू नका. मूळ कागद पाकिटात सपाट ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा. याउलट जुनी वीजबिलं, थकबाकी नसेल तर, बिनधास्त रद्दीत जाऊ द्या.

जुना मोबाईल देण्याआधी त्यातलं सगळं पुसा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नका, ती पेट घेते. सीएफएल दिव्यात पारा असतो, तो न फुटता वेगळा द्यायचा.

आता राहिलं आहेराचं गाठोडं: टॉवेल-टोप्या, ब्लाऊजपीस, नाव कोरलेली ताटं. नावाची ताटं पुन्हा आहेरात चालत नाहीत. पंगतीला लागतील तेवढी ठेवा, बाकी वजनावर द्या. टॉवेल आणि ब्लाऊजपीस मात्र फिरतात, म्हणून ते एकाच पिशवीत ठेवा आणि प्रत्येकाला कुणाकडून, कधी आलं याची चिठ्ठी टाचा. नाहीतर तोच ब्लाऊजपीस त्याच घरी परत जातो आणि पुढची चार वर्षं त्याची चर्चा होते. वर्षभर ज्याला कुणी विचारलं नाही तो टॉवेल घडी मोडून वापरायला काढा. पत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापण्याचं धाडस ज्या घरांना जमतं, त्यांचा माळा पुढच्या नवरात्रात निम्म्या वेळात खाली येतो.