पक्ष्याकडे जाणारी वाट : गनडॉगची तालीम

मंडळी, आधी कायद्याचं बोलून घेऊ. आजचा विषय ब्रिटनमधल्या गनडॉगचा, म्हणजे बंदूकधाऱ्याबरोबर पक्ष्यांवर काम करणाऱ्या कुत्र्यांचा आहे. तिथं ग्राउज या माळरानी पक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला उघडतो, तितराचा १ सप्टेंबरला, इंग्लंडात फेझंट या लांब शेपटीच्या रानपक्ष्याचा १ ऑक्टोबरला. आपल्याकडे असा हंगामच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणं नव्हे. रानटी जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकणं हेही शिकारीतच मोडतं. तेव्हा सासवडच्या माळावर तितरामागे कुत्रं सोडून ‘जरा ट्रेनिंग देतोय’ म्हणायची सोय नाही. त्यात माळावरची टिटवी आणि चंडोल जमिनीवरच अंडी घालतात, हेही ध्यानात ठेवा.

मग हे ऐकायचं कशाला? तुमच्या सोफ्यावर जो लॅब्रॅडोर लोळतोय, तो याच कामासाठी घडवलेला आहे. शिवाय या तालमीचा मोठा भाग पक्ष्यावर होतच नाही. तो कॅनव्हासच्या डमीवर, म्हणजे पक्ष्याऐवजी फेकायच्या भरीव गुंडाळीवर होतो. प्रौढ कुत्र्याला एक पौंडाची, म्हणजे साधारण ४५० ग्रॅमची डमी आणि पिल्लाला त्याच्या निम्म्या वजनाची. ती कर्वे रोडवरच्या माणसालाही वापरता येते.

कामाचे प्रकार थोडक्यात. पॉइंटर आणि सेटर दूरवर पळून वास काढतात आणि पक्षी सापडला की जागीच थिजतात. स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उडवतो. छऱ्याच्या बंदुकीचा भरवशाचा टप्पा पस्तीस-चाळीस यार्डांचा, म्हणून त्यानं माणसापासून पंधरा-वीस यार्डांतच नागमोडी फिरायचं. त्यापलीकडे उडवलेला पक्षी फुकट जातो. रिट्रीव्हर गप्प बसून पाहतो आणि पडलेला पक्षी आणून देतो. लॅब्रॅडोर याच गटातला, म्हणून पुढचं मी मुख्यतः रिट्रीव्हरबद्दल बोलेन.

या कुत्र्याला पक्षी आपोआप हवा असतो, ती ओढ रक्तातच आहे. शिकवायचं असतं ते एवढंच, की पक्ष्याकडे जाणारी वाट माणसावरून जाते. माणसाचं ऐकलं की पक्षी मिळतो, परस्पर गेलं की मिळत नाही. लोक ज्याला ‘बाँडिंग’ म्हणतात ते प्रत्यक्षात हेच. कुरवाळणं चांगलंच आहे, पण बागेत एकटं सोडून स्वतःच्या मनानं कबुतरांमागे धावायला शिकलेलं कुत्रं कितीही लाडावलेलं असलं, तरी कामाच्या वेळी तुमच्याकडे बघणार नाही. त्याला करमणूक तुमच्याविनाच सापडलेली असते.

पिल्लू आठ आठवड्यांचं घरी आलं की पहिलं काम शिट्टीचं. बिनमण्याची शिट्टी घ्या. अ‍ॅक्मेची २१०½ नंबरची स्पॅनियलवाले वापरतात, २११½ लॅब्रॅडोरवाले. नंबर महत्त्वाचा, कारण स्वर ठरलेला असतो. शिट्टी हरवली तर तोच नंबर आणला की कुत्र्याला फरक कळत नाही. जेवणाची वाटी खाली ठेवताना चार-पाच छोटे टुकटुक आवाज, म्हणजे ‘ये’. लॅब्रॅडोर खादाड असतोच. २०१६मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अनेक लॅब्रॅडोरांत पीओएमसी जनुकाचा तुकडा गहाळ असल्याचं दाखवलं आणि त्याचा भुकेशी व वजनाशी संबंध जोडला. ही भूक शिट्टीसाठी जरूर वापरा. पण डमी हातात देताना बिस्किट दाखवू नका. कुत्रं बिस्किटासाठी डमी दोन पावलं आधीच टाकून देतं, आणि पुढे जखमी पक्षी तसाच टाकला तर तो पळून जातो.

पहिलं ‘आण’ घराच्या बोळात शिकवा. दोन्ही बाजूंची दारं बंद, आणि पिल्लाच्या अंथरुणाकडची वाट तुमच्या अंगावरून जाणारी. मोज्याचा बोळा टाका. पिल्लू उचलून परत येईल, आणि इथंच बहुतेकांचं बिघडतं, कारण माणूस झडप घालतो. तसं करू नका. खाली बसा, अंग थोडं तिरकं ठेवा, डोळ्यांत रोखून बघू नका. पिल्लू अंगाला टेकलं की आधी छाती आणि मानेची बाजू खाजवा. बोळा तोंडातच राहू द्या. दहा-पंधरा सेकंदांनी हात हनुवटीखाली न्या, डोकं किंचित वर उचला, म्हणजे पकड आपोआप सैल होते. पिल्लू तोंड फिरवून घेत असेल तर समजा, तुम्ही आधी कधीतरी हिसकावलं आहे. दोन-तीन फेका, मग बंद. चौथ्या महिन्यापासून दात बदलत असतात, हिरड्या दुखतात. त्या काळात डमी कपाटात ठेवा. आणि दोरीची ओढाओढ कधीच नको. ‘कठोर तोंड’ म्हणजे पक्षी चावून चिरडण्याची खोड अशाच खेळांतून लागू शकते. तिथल्या फील्ड ट्रायलमध्ये, म्हणजे गनडॉगच्या कामाच्या स्पर्धेत, पंच पक्षी हातात घेऊन अंगठा आणि बोटांनी दोन्हीकडच्या बरगड्या चाचपतात. बरगड्या आत चेपलेल्या निघाल्या तर कुत्रं बाद.

यानंतर सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात मोलाचा भाग येतो, बसून राहणं. कुत्रं डाव्या बाजूला बसवा, डमी फेका आणि स्वतः चालत जाऊन ती उचलून आणा. परत फेका, परत स्वतःच आणा. बहुतेक डमी तुम्ही आणायच्या, कुत्र्याला अधूनमधून एखादी. पडणारी प्रत्येक वस्तू मिळत गेली तर ‘पडलं म्हणजे माझं’ एवढंच त्याच्या डोक्यात बसतं आणि बार झाला की ते सुसाट सुटतं. भरलेल्या बंदुकांपुढे धावणारं कुत्रं स्वतःला आणि माणसांना धोका असतं, शिवाय न उडालेले पक्षी उधळून लावतं. पाठवायला किती वेळ थांबायचं? कधी पाच सेकंद, कधी मिनिटभर. ठरावीक वेळ ठेवलीत तर कुत्रं आकडा पाठ करतं. आणि पाठवताना नाव घ्या. रांगेत चार कुत्री बसलेली असली तर ज्याचं नाव, तेच उठतं.

थांबण्याची शिट्टी म्हणजे एक लांब फुंक. अर्थ, ‘जिथं आहेस तिथं बस आणि माझ्याकडे बघ.’ आधी पायाशी चालताना, हात वर करून ‘बस’च्या जोडीनं. मग कुत्रं तुमच्याकडे येत असताना. मग ते मोकळं हुंगत फिरत असताना. धावत्या कुत्र्यावर ती सर्वांत शेवटी. बसलं की त्याच्या मागच्या बाजूला डमी फेकून ती आणायला पाठवा, म्हणजे थांबल्यावर काहीतरी मिळतं हे त्याला कळतं. नाही थांबलं तर पुन्हा पुन्हा फुंकू नका. दुसऱ्या शिट्टीला बसायचं हाच धडा ते घेतं. मुकाट्यानं चालत जा, शिट्टी वाजली तेव्हा ते जिथं होतं तिथं आणून बसवा आणि तिथंच एकदा फुंका. उलट चूकही होते. हौशी माणूस प्रत्येक धावेत शिट्टी मारतो, मग कुत्रं दहा पावलांवर अडखळून मागे बघायला लागतं. असं झालं तर शिट्टी काही दिवस खिशात.

यासाठी विजेच्या धक्क्याचा पट्टा वापरणारेही भेटतात. वेल्समध्ये तो २०१०पासून बंद आहे. कुत्रं धक्क्याचा संबंध त्या क्षणी समोर दिसणाऱ्या गोष्टीशी जोडतं, आणि ती गोष्ट तुम्हीही असू शकता. माझ्या मते ज्याला दोरी आणि धीर पुरत नाही, त्यानं कुत्रं पाळू नये.

थांबणं पक्कं झालं की दिशा, म्हणजे हाताच्या खुणेनं कुठं जायचं ते. कुत्रं तुमच्याकडे तोंड करून बसवा, डावीकडे, उजवीकडे आणि मागे एकेक डमी. सुरुवात भिंतीच्या किंवा कुंपणाच्या कडेनं करा, म्हणजे रेष आपोआप सरळ राहते. न दिसलेल्या डमीवर पाठवताना वारा बघा. कुत्रं वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेलं पाहिजे, तरच वास नाकाशी येतो. पुण्यासारख्या ठिकाणी हे पहाटेच उरका. ऊन तापलं की कोरड्या गवतात वास टिकत नाही, आणि जड अंगाच्या लॅब्रॅडोरला उष्माघात लवकर होतो. पाण्यातून आणताना अगदी काठाशी उभे राहा. बाहेर आल्यावर अंग झटकायला कुत्रं डमी खाली टाकतं, त्याआधी ती हातात घ्या.

बंदुकीचा आवाज घाईनं दाखवला की बंदुकीची भीती बसते, आणि ती काढणं फार अवघड. पहिला आवाज शंभर-दीडशे मीटरवरून, छोट्या कोऱ्या, म्हणजे गोळी-छरे नसलेल्या काडतुसाचा. तो दुसऱ्या कुणीतरी काढायचा, तेव्हा कुत्रं डमी आणण्यात रमलेलं असावं. कान मागे गेले, शेपूट खाली आली तर अंतर वाढवा. झाडीत किंवा इमारतींमध्ये आवाज घुमतो, म्हणून मोकळं रान निवडा.

खरा पक्षी हातात येतो तो थंड, मेलेला आणि रक्त न लागलेला. कबुतराची पिसं सैल असतात, तोंडात चिकटतात आणि पिल्लू थुंकत बसतं. म्हणून ते बायकांच्या जुन्या स्टॉकिंगमध्ये घालून देतात. पळणारा जखमी फेझंट पहिल्या हंगामात शक्यतो नको. नराच्या पायाला टोकदार आर असते, ती लागली की घाबरलेलं कुत्रं जोरात आवळायला शिकतं.

पहिल्या हंगामात मालकानं बंदूक घरी ठेवावी. एक नजर पक्ष्यावर आणि एक कुत्र्यावर, हे जमत नाही. बंदूकवाल्यांच्या रांगेच्या मागे लांब उभं राहायचं, दिवसाला एक-दोन पक्षी आणू द्यायचे आणि दुपारच्या आत गाडीत. दिवसभर डोळ्यांसमोर पक्षी पडताना बघत बसलेलं तरुण कुत्रं कुईकुई करायला लागतं. ट्रायलमध्ये तेही बाद ठरवणारं, आणि ही सवय एकदा लागली की सहसा सुटत नाही.