टंगस्टाइट : जड धातूचे मऊ, पिवळे खनिज

नमस्कार. पडद्यावरच्या या तुकड्यात पांढऱ्या गारगोटीत रुतलेली काळी पाती वुल्फ्रमाइटची, म्हणजे टंगस्टन या जड धातूच्या एका खनिजाची आहे. तिच्या भेगांमध्ये मात्र, जुन्या भिंतीवरची पिवडी सुटावी तशी पिवळी पूड साचलेली दिसते. ही पूड म्हणजेच टंगस्टाइट.

टंगस्टन ट्रायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचा एक रेणू, असे याचे संघटन असून वजनाने सुमारे ७ टक्के भाग पाण्याचाच असतो. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात मिळालेल्या नमुन्यांवरून १८६८ मध्ये याचे प्रथम वर्णन झाले. ‘टंगस्टन’ म्हणजे स्वीडिश भाषेत जड दगड. गंमत अशी की, हे नाव मिरवणाऱ्या या खनिजाचे विशिष्ट गुरुत्व साधारण ५.५, तर वुल्फ्रमाइटचे ७ च्या वर असते.

टंगस्टनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे पाच अणू आणि सहाव्या जागी पाण्याचा रेणू अशी अष्टफलके (आठ पृष्ठांचे आकार) कोपऱ्याला कोपरा जोडून थर तयार करतात, आणि या थरांना एकमेकांशी बांधून ठेवणारे हायड्रोजन बंध कमकुवत असल्याने खनिज एका दिशेत सहज फुटते. त्याची कठिनता मोजच्या १० पर्यंतच्या मापनक्रमावर जेमतेम २.५ आहे, म्हणजे सुरीचे टोक फिरवले तरी ओरखडा उठतो.

खरा प्रश्न ते दुर्मीळ का, हा आहे. वुल्फ्रमाइट (लोह व मँगनीज असलेले) आणि शीलाइट (कॅल्शियम असलेले) ही टंगस्टनची मूळ खनिजे ऊन-पावसाला सहसा दाद देत नाहीत. शेजारी पायराइट, म्हणजे लोह व गंधकाचे खनिज असेल, तर त्याच्या ऑक्सिडीभवनातून गंधकाम्ल तयार होते. ते लोह, मँगनीज किंवा कॅल्शियम विरघळवून नेते, आणि अम्लात न विरघळणारे टंगस्टन जागीच सजल ऑक्साइड होऊन उरते. पाणी अल्कधर्मी असेल, तर टंगस्टनही त्यात विरघळून वाहून जाते. त्यामुळे नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना-आगरगाव पट्ट्यात शीलाइट व वुल्फ्रमाइट असले, तरी तेवढ्यावरून तिथे टंगस्टाइटही मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८१ मध्ये शीलाइटवर अम्लाची प्रक्रिया करून जे पिवळे चूर्ण मिळवले, तेही रासायनिकदृष्ट्या हेच होते. नमुन्यातील पिवळी पूड लोहाची पिवडी आहे की टंगस्टाइट, याचा उलगडा अल्कधर्मी द्रवात विरघळण्याच्या गुणाने होतो : कोमट अमोनियात टंगस्टाइट विरघळते, पिवडी तळाशी तशीच राहते.