किल्ली, तास आणि ठराव
(इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

सरकारी शाळांतील नववीच्या मुलांना विज्ञानाच्या वाटेवर टिकवून धरणारे उपक्रम महाविद्यालयांत कसे रुजवावेत आणि त्यासाठी संस्थाप्रमुखांचे पाठबळ कसे मिळवावे, हा आजचा विषय आहे. आपल्या इंदुरात १८९१ साली शिवाजीराव होळकरांच्या मनात आले आणि होळकर कॉलेज सुरू झाले. आज प्राचार्यांच्या मनात आलेली गोष्ट प्रयोगशाळेच्या किल्लीपर्यंत पोहोचेतो सत्र संपलेले असते.

किल्लीचे मी अनुभवाने सांगतो. मी ज्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत होतो, तेथे शनिवारी शेजारच्या शाळांतील मुलांना प्रयोगशाळेत आणण्याची कल्पना मी प्राचार्यांपुढे मांडली. "उत्तम आहे, अवश्य करा," असे म्हणून त्यांनी चहा मागवला आणि त्या चहालाच मी मंजुरी समजलो. पहिल्या शनिवारी सव्वीस मुले व्हरांड्यात उभी होती आणि दाराला कुलूप होते. प्रयोगशाळा सहायकाने मला एवढेच विचारले, "सर, परीक्षानळी फुटली तर कुणाच्या नावावर टाकायची?" तो प्रश्न मला तेव्हा कोतेपणाचा वाटला, परंतु स्टॉक रजिस्टरवर सही त्याची होती, माझी नव्हती, आणि ऑडिटच्या वेळी जाब त्यालाच द्यावा लागणार होता.

तीन शनिवार आम्ही व्हरांड्यातच काढले. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या टिपकागदांवर मुले साबण, सोडा, लिंबू असे काय काय लावून पाहत होती. तिसऱ्या शनिवारी नेमका चुना संपला आणि प्राचार्य समोरून येताना दिसले. त्यांच्या खिशात चुन्याची डबी असते, हे आमच्याकडे कुणापासूनच लपलेले नव्हते. (सभागृहात आता जे हसले, त्यांच्या खिशांविषयी मी काही विचारणार नाही.) एका मुलीने धीटपणे डबी मागितली, काडीने चुना लावला, पिवळा कागद तांबडा झाला आणि ती म्हणाली, "म्हणजे आजी कुंकू करायची ते हेच." लिंबू पिळताच तो डाग पुन्हा पिवळा झाला, तेव्हा प्राचार्य पायरीवर बसले ते वीस मिनिटे उठले नाहीत. सोमवारी आदेश निघाला: प्रयोगशाळा शनिवारी दोन ते चार उघडी राहील, तुटफूट झाल्यास ती संबंधित प्राध्यापकाच्या वेतनातून वसूल करण्यात येईल.

दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. नव्या प्राचार्यांनी विचारले, हे कुणाच्या आदेशाने चालते? मी कागद दाखवला. तो आधीच्या प्राचार्यांचा आहे, असे त्यांनी शांतपणे निदर्शनास आणले आणि शनिवार बंद झाले.

हेच मोठ्या पटावर पाहायचे असेल तर होशंगाबादकडे, म्हणजे आजच्या नर्मदापुरमकडे पाहावे. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या स्वयंसेवी संस्थांनी १९७२ साली १६ मिडल स्कूलमध्ये प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. शासनाने त्यांना नुसता आशीर्वाद न देता पाठ्यपुस्तक आणि परीक्षा बदलण्याची मुभा दिली, म्हणूनच परीक्षेत पुस्तक उघडून उत्तरे लिहिण्याची सोय होऊ शकली. १९७८ साली कार्यक्रम जिल्हाभर पसरला आणि २००२ साली शासनाच्याच निर्णयाने बंद झाला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ प्रतिपादन आता घाईने उरकावे लागेल. संस्थाप्रमुखांकडे आधी पैसे मागू नयेत. वेळापत्रकातला एक तास, किल्ली कुणाकडे राहील त्याचे नाव आणि तुटफुटीसाठी विभागाच्या खर्चात छोटी तरतूद, एवढेच मागावे. संमती तोंडी न घेता आपल्या सरकारी महाविद्यालयांत जनभागीदारी समितीच्या, म्हणजे स्थानिक नागरिकांचा सहभाग असलेल्या व्यवस्थापन समितीच्या, बैठकीत ठराव करून घ्यावा, कारण बदली प्राचार्यांची होते, ठरावाची होत नाही. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्याला, म्हणजे महाविद्यालयाबाहेरच्या समाजासाठी केलेल्या कामाला, गुण असतात, हे प्राचार्यांना अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात सांगावे. त्यात कमीपणा नाही, त्यांनाही वर उत्तर द्यावे लागते. आणि त्यांना भाषणासाठी न बोलावता मुलांच्या मध्ये वीस मिनिटे बसवावे. ठरावही रद्द होऊ शकतो, हे होशंगाबादने दाखवले आहेच. म्हणून किमान दोन विभाग आणि मुलांचे पालक पहिल्या महिन्यापासून सोबत हवेत, म्हणजे बंद करणाऱ्याला निदान चारचौघांत कारण सांगावे लागेल.

अर्जाचा नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात तुटफुटीच्या रकमेची जागा मोकळी सोडली आहे. ती भरल्याशिवाय अर्ज देऊ नये.