फुटबॉल घ्या, वही घ्या, अंगणात या

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापुरात फुटबॉलची गोडी कुणाला लावावी लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा ही संघांची नावं पेठेतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा आपल्या देशाच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. इतकं वेड ज्या गावात आहे, तिथल्या मुलांना विज्ञानाच्या तासाला जांभया का याव्यात, हे मला खरंच कळत नाही. म्हणून आज मी मुलांशी बोलणार आहे. मोठ्यांनीही थांबावं, कारण मोजमापाला त्यांचे हात लागतील.

मुलांनो, माझी एकच अट आहे. प्रयोग करण्याआधी काय होईल याचा अंदाज वहीत लिहायचा आणि तो चुकला तरी खोडायचा नाही. अंदाज आणि घडलेली गोष्ट यांत जे अंतर पडतं, तिथेच विज्ञान सुरू होतं.

आधी सोपं घेऊ, टप्पा. भिंतीवर खडूनं जमिनीपासून दोन मीटरपर्यंत खुणा करा. चेंडू वरून नुसता सोडा, ढकलू नका. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलंत तर चेंडू किती वर आला ते नेमकं वाचता येईल. मोठ्या स्पर्धांसाठीचे चेंडू तपासतात तेव्हा ते दोन मीटरवरून पोलादी पाट्यावर टाकतात आणि टप्पा 135 ते 155 सेंटिमीटरच्या दरम्यान यावा लागतो. तुमचा चेंडू किती येतो? फरशीवर, गवतावर, मैदानाच्या मातीत? थोडी हवा काढली तर? हरवलेली उंची कुठे गेली, हेही स्वतःला विचारा. काही आवाजात गेली, काही उष्णतेत, आणि मातीवर तर काही माती दाबण्यात गेली.

आता माझा सगळ्यात लाडका प्रयोग. हा घरात करू नका, अंगणात या. फुटबॉल छातीएवढ्या उंचीवर धरा. त्याच्या बरोबर डोक्यावर टेनिसचा चेंडू ठेवा. तोंड बाजूला घ्या आणि दोन्ही एकदम सोडा. नीट जुळलं तर टेनिसचा चेंडू सोडलेल्या उंचीच्या कितीतरी वर उडतो. पहिल्या फटक्यात जुळत नाही, तो तिरपा पळतो. धीर धरा.

सगळे त्या उडणाऱ्या चेंडूकडे बघून ओरडतात. तुम्ही मात्र पुढच्या वेळी खाली बघा, फुटबॉलकडे. त्याचा टप्पा जवळजवळ मेलेला असतो. एकटा टाकला तेव्हा तो कमरेपर्यंत येत होता, आता जमिनीशीच राहतो. म्हणजे त्याच्या वाट्याची उसळी टेनिसच्या चेंडूनं नेली. फुटबॉल आधी जमिनीला लागतो आणि वर निघतो, तेव्हा टेनिसचा चेंडू अजून खालीच येत असतो. दोघांची समोरासमोर टक्कर होते. फुटबॉल जड, साधारण 410 ते 450 ग्रॅमचा, आणि टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमच्याही आत. जडाची गती हलक्याकडे गेली की हलका भन्नाट सुटतो. आता चेंडू उलटे ठेवून पाहा, फुटबॉल वर आणि टेनिस खाली. अंदाज आधी लिहायचा, विसरू नका.

हवेला वजन असतं हे पुस्तकात वाचता. ते काट्यावरही दिसतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. चेंडू गोलच राहील पण जरा मऊ वाटेल, एवढीच हवा ठेवा. काट्यावर चेंडू घरंगळतो, म्हणून आजीकडून कापडाची चुंबळ करून घ्या आणि तिच्यावर तो ठेवा. वजन लिहा. मग पंपानं हवा भरून टणक करा आणि पुन्हा ठेवा. तीन-चार ग्रॅम वाढलेले दिसतील. चेंडूच्या पोटात साडेपाच लिटरच्या आसपास जागा असते आणि एक लिटर हवेचं वजन सव्वा ग्रॅमच्या जवळपास भरतं. यावरून तुम्ही किती लिटर हवा जादा कोंबली, त्याचा हिशेब सातवीतल्या मुलाला सहज जमेल. हवा भरताना पंपाच्या नळीला हात लावा, ती तापलेली असते. हवा दाबली की तापते.

गोलकीपर होणाऱ्या मुलामुलींसाठी एक पट्टी पुरे. मित्रानं तीस सेंटिमीटरची पट्टी वरून धरायची. तुमची बोटं खाली शून्याजवळ उघडी ठेवायची. तो न सांगता सोडेल, तुम्ही पकडायची. पाच सेंटिमीटरवर पकडलीत तर एक दशांश सेकंद लागला, वीसवर पकडलीत तर दोन दशांश. बहुतेकांची पट्टी पंधरा ते पंचवीसच्या मध्ये सापडते. आता पेनल्टी आठवा. चेंडू गोलपासून 11 मीटरवर असतो. ताशी शंभर किलोमीटरनं मारलेला चेंडू चार दशांश सेकंदांत पोचतो. त्यातला निम्मा वेळ नुसता हात हलायला सुरुवात होण्यात जातो आणि गोल तर 7.32 मीटर रुंद! पेनल्टीला गोलकीपर आधीच एका बाजूला झेपावतो, तेव्हा त्याला हसू नका. त्याच्याकडे दुसरा इलाजच नसतो.

शेवटी वळणारी फ्री किक. 3 जून 1997 रोजी फ्रान्समधल्या ल्यों शहरात ब्राझीलच्या रॉबर्तो कार्लोसनं सुमारे पस्तीस मीटरवरून मारलेला चेंडू समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीच्या बाहेरून गेला आणि आत वळून गोलमध्ये शिरला. फ्रान्सचा गोलकीपर बार्थेझ जागचा हलला नाही. यामागचं विज्ञान टेबलावर बघता येतं. साधा कोरा कागद उभा अर्धा कापा, त्याची चहाच्या ग्लासाएवढी जाड नळी करून चिकटवा. टेबलाच्या कडेला पुठ्ठा तिरपा लावा आणि नळी आडवी ठेवून त्यावरून घरंगळत सोडा. कडेवरून सुटल्यावर ती पुढे पडेल असं वाटतं, पण ती मागे वळते, टेबलाखाली शिरू पाहते. फिरणारी नळी आपल्याभोवतीची हवा पुढच्या बाजूला ढकलते आणि हवा तिला मागे ढकलते. फिरणाऱ्या चेंडूचंही तेच होतं. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख माग्नुस यानं एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला, म्हणून याला माग्नुस परिणाम म्हणतात.

एक प्रयोग तुमच्यावर सोपवतो. रात्रभर अंगणात राहिलेल्या चेंडूचा टप्पा थंडीतल्या पहाटे मोजा, आणि तोच चेंडू दुपारी उन्हात ठेवून पुन्हा मोजा. फरक पडेल का, आणि पडला तर कोणत्या बाजूला? उत्तर मी आज देणार नाही. अंदाज लिहा आणि खडू शोधा.

नमस्कार.